वेरूळचें कैलास कोणी खोदलें?

वेरूळचें कैलास देवांनीं घडविलें, असें आमचे भोळे बांधव अजून सांगतात. आम्ही म्हणतों, ही पाथरवटांच्या श्रमाची चोरी आहे! आठव्या शतकांत अखंड डोंगरांत तीन बाजूंनीं चर खणून, शिखरापासून पायाकडे छिन्नी-हातोड्यानें हें मंदिर कोरलें. घाव चुकला तर तुटलेला दगड पुन्हा जोडतां येत नाहीं. इ. स. ८१२-१३ च्या बडोदें ताम्रपटानें याचें श्रेय राष्ट्रकूट राजा कृष्ण याला दिलें. आपली कृति पाहून शिल्पकार स्वतःच थक्क झाला, असेंही त्यांत वर्णन आहे. त्याचें नांव मात्र नाहीं! मुलांकडून राजाचें नांव पाठ करून घेणाऱ्या शिक्षकबंधूंनीं एवढेंही सांगावें कीं, हें काम माणसांच्या हातांनीं झालें. आणि तसल्या हातांचे धनी, बाळांनो, तुमच्याच घरांत आहेत.