गोळी कुटण्यापूर्वी

घरातील वृद्धांना गोळी गिळवत नाही म्हणून ती कुटून मधातून देण्याची चाल आपल्याकडे आहे. वैद्यांच्या मात्रेला ती शोभे. आजच्या प्रत्येक गोळीला नव्हे. काही गोळ्यांवरील लेप जठरातील आम्लात टिकतो व पुढे आतड्यात विरघळतो. बांगड्यांची लाख शुद्ध करून या कामी वापरीत आले आहेत. आता कृत्रिम बहुवारिकेही, म्हणजे लहान रेणूंच्या लांब माळाही, आली आहेत. दुसऱ्या काही गोळ्यांत लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेले द्रव्य असते. ते पाण्याने फुगून बुळबुळीत होते आणि औषध १२ ते २४ तास थोडेथोडे झिरपू देते. अशी गोळी कुटली, की दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. रक्तदाबाच्या काही औषधांत हे जिवावर बेतू शकते. वेष्टनावर ‘एसआर’ किंवा ‘एक्सएल’ दिसल्यास खलबत्ता बाजूस ठेवून डॉक्टरांस विचारावे. पुष्कळदा त्याच औषधाचे पातळ रूपही मिळते.