पाचरीवर राग, घिसाईचा विसर

‘टाइल बसवायला ज्याला क्लिपा आणि पाचरी लागतात, तो मिस्त्रीच नव्हे.’ बांधकामात केस पांढरे झालेले एक गृहस्थ नंदुरबारात हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हात बसलेला असेल तर दोरी, लेव्हलपट्टी आणि रबरी हातोडा पुरतो, क्लिपा हे कंपन्यांनी खपासाठी काढलेलं खूळ, त्यांनी खर्च वाढतो, मिस्त्री आळशी होतो. मग ब्रह्मास्त्र : ‘आमच्या काळच्या फरश्या बघा, कुठे नख तरी अडकतं का?’

खर्चाचं आधी उरकू. पाचरी पुन्हा वापरता येतात, वाया जाते ती क्लिप. घरभरच्या क्लिपांना लागतात त्याहून जास्त पैसे आपण दारांच्या कड्याकोयंड्यांवर उडवतो. आळसाबद्दल इतकंच, की ओळंबा वापरणाऱ्याला अजून कुणी आळशी म्हटलेलं नाही.

आता त्या नख न अडकणाऱ्या फरश्या. त्या हातानं सपाट झाल्या, ही दंतकथा कुणी पसरवली? मोझाईकची फरशी बसली की घरात घिसाईचं मशीन यायचं. त्याला खाली कार्बोरंडमचे दगड, आधी खरखरीत, मग बारीक. पाणी सोडून ते दिवसदिवस गरगरायचं, पांढरट राड ओसरीवरून गटारीपर्यंत वाहायची, भिंतींना हातभर शिंतोडे, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडनं चकाकी. कोट्यालाही हाच संस्कार. मिस्त्रीच्या हातून राहिलेली खाली-वर मशीन खाऊन टाकायचं, आणि शाबासकी मात्र हाताला मिळायची! मशीनवाल्या पोऱ्याचं नाव कुणाच्या आठवणीत नाही. शहाबादीची गोष्ट आणखी सोपी : हातानं घडवलेल्या कडा, बोटभर रुंद सांधा, तिथे दोन कडा जुळल्या की नाही, हे विचारायलाच कुणी जात नसे.

आज मोरबीहून येणारी दोन बाय चार फुटांची ग्लेझ्ड टाइल या दोन्ही सवलती देत नाही. तिची नक्षी वरच्या पातळ थरात असते. दगड फिरवलात तर नक्षीच जाईल. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, त्यामुळे कड जरा वर राहिली तरी खिडकीतल्या तिरप्या उन्हात तिची सावली पडते. शिवाय भट्टीत हजार-बाराशे अंशांतून निघालेली एवढी मोठी टाइल थोडी बाक घेऊन येतेच. भारतीय मानक आय.एस. 15622 सुद्धा वाकडेपणाला मर्यादा घालतं, शून्य मागत नाही. अशी टाइल विटांच्या रचनेत अर्ध्यावर सरकवून लावली, की एकीच्या पोटाशेजारी दुसरीचं टोक येतं आणि फरक सर्वांत जास्त दिसतो. म्हणून जाणते मिस्त्री एक-तृतीयांशाहून जास्त सरकवत नाहीत. इथे मुरलेल्या हातानं काय करायचं? बाक टाइलमध्येच आहे.

हे गृहस्थ मला नवे नाहीत. काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर आला तेव्हाही ‘सळईनं घोटलेलंच पक्कं’ म्हणून ते भांडले होते. कॉलमची फळी उघडल्यावर आतली खडी मधाच्या पोळ्यासारखी उघडी पडायची, ते प्लास्टरनं झाकून वाद जिंकल्याचंही मला आठवतं. तो विषय वेगळा. पण माणूस तोच.

क्लिपेचं काम छोटं आहे. तिचा तळ दोन्ही टाइल्सखाली जातो, मान सांध्यात राहते, वरून पाचर सरकवली की दोन कडा एका पातळीत दाबून धरल्या जातात, चिकटवणारा मसाला घट्ट होईपर्यंत. आपल्याकडच्या मे महिन्यात मसाल्यावर भराभर साय धरते, हातोड्यानं पुन्हा ठोकून जुळवायला सवडच मिळत नाही. तेव्हा पाचर वेळेवर ओढलेली बरी. लांब बाजूला साधारण फुटाला एक क्लिप पुरते.

जमीन लेव्हल करणं हे तिचं काम नाही, आणि इथे आमच्या बाजूचे उत्साही लोकही गाढवपणा करतात. वाळू-सिमेंटचा जाड थर टाकून वर रबडी ओतायची, आणि पाचर करकचून ओढायची; टाइल थरावरून उचलली जाते, खाली पोकळ राहतं, टिचकी मारली की बद्द आवाज येतो. क्लिपा लावायच्या तर आधी कोबा सपाट हवा आणि टाइल ॲडहेसिव्हवर, दातेरी थापीनं पसरून, बसवलेली हवी. आणि दुसऱ्या दिवशी क्लिप तोडताना हातोडा सांध्याच्या दिशेनं मारायचा. आडवा मारला तर कडेचा टवका उडतो, आणि तो टवका त्या गृहस्थांना महिनाभर पुरतो.