काळा रंग शोकाचाच का?

हे चित्र वर्गात दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ही कोणाच्या सुतकात आहे?’ एदुआर मॅने ह्याने १८७२ साली रंगवलेले बेर्त मोरिझोचे व्यक्तिचित्र. काळी टोपी, काळा पोशाख, काळ्या फिती आणि छातीशी व्हायोलेट फुलांचा जेमतेम दिसणारा गुच्छ. प्रश्न स्वाभाविक आहे. पण मोरिझोचे वडील वारले ते १८७४ साली, आणि काळा पोशाख तेव्हाच्या पॅरिसमध्ये फॅशनचाही होता.

माझी तक्रार माहितीच्या चुकीबद्दल नाही. आपण साहित्यातली माणसे चित्राकडे वळलो की रंगाचा अर्थ आधी लावतो. रंगाने केलेले काम पाहायचे राहूनच जाते. इथे काळा म्हणजे सावली नव्हे. सावली वस्तूला गोलाई देते, कडेला विरत जाते. मॅनेचा काळा विरत नाही. टोपी आणि पोशाख मिळून एक ठाशीव, जवळजवळ सपाट आकार होतो आणि फिकट पार्श्वभूमीवर तो कापून ठेवल्यासारखा दिसतो. चेहऱ्याची एक बाजू खरे तर अंधारातच आहे, तरीही सारा चेहरा उजळ भासतो. प्रतिकृतीवर (अर्थात प्रतिकृतीवरच!) टोपी बोटाने झाकून पाहावी. चेहरा लगेच मंदावतो.

गंमत अशी की हे नेमके पाहिले ते एका कवीने. पॉल व्हालेरी (मोरिझोची भाची ही त्याची पत्नी) १९३२च्या मॅने-प्रदर्शनासाठी लिहिताना ह्या चित्रातल्या काळ्याकडे सर्वांआधी बोट दाखवतो. मोरिझोचे डोळे हिरवट होते, मॅनेने ते काळे केले, हेही तो नोंदवतो. म्हणजे आकाराची गरज वास्तवाहून वरचढ ठरली.

ह्यावर कोणी म्हणेल, मग प्रतीक नकोच का? तसे नाही. १८७४मध्ये मॅनेने मोरिझोला पुन्हा रंगवले, ह्या वेळी खरोखरच शोकाच्या टोपीत. काळे दोन्हीकडे आहे. परंतु दुसऱ्या चित्रातले दुःख मला तरी त्या काळ्यात सापडत नाही. ते चेहऱ्यावरच्या तुटक, घाईच्या फटकाऱ्यांत आहे.

पुढच्या वर्षी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावणार आहे. सनावळी मात्र तासाच्या शेवटीच सांगेन.