टॉमकाका मंडईत आणायचा तर

बपेऱ्याहून बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो, बालाघाट जिल्हा. आपल्या कितीतरी लेकी पलीकडे दिलेल्या आहेत, तिकडच्या लेकी इकडे सुना म्हणून नांदतात. नदी ओलांडली म्हणून इथे कुणाची किंमत बदलत नाही. १८५० साली अमेरिकेत ओहायो नदी ओलांडल्यावर ती बदलत होती. दक्षिणेच्या काठावर, केंटकीत, काळा माणूस बैलबाजारातल्या बैलासारखा विकला जाई; उत्तरेच्या काठावर अशी विक्री कायद्याने बंद होती. मग त्याच वर्षी सरकारने कडक कायदा केला की पळून उत्तरेला आलेला गुलामही धरून मालकाच्या हवाली करायचा, आणि त्याला आसरा देणाऱ्याने दंड नि तुरुंग भोगायचा. उत्तर काठावरच्या सिनसिनाटी शहरात अठरा वर्षं राहिलेल्या हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी त्या संतापात ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. लेकराला उराशी घेऊन नदीतल्या तरंगत्या बर्फावरून पळणारी एलायझा त्याच कादंबरीतली.

दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, एक रात्र या पुस्तकाच्या वाचनासाठी ठेवावी, अशी माझी गावापुढे सूचना आहे. पण एकट्या या पुस्तकासाठी नव्हे. का, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. या पुस्तकाने काम केलं, हे आधी मान्य करू. १८५१च्या जूनपासून ते एका साप्ताहिकात क्रमशः आलं आणि मार्च १८५२मध्ये पुस्तकरूपाने निघालं. पहिल्या वर्षी एकट्या अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरी हा दक्षिणेचा घरगुती मामला आहे असं समजून गप्प बसलेल्या लाखो गोऱ्या घरांत ते वाचलं गेलं. मालकवर्ग त्याला किती घाबरला? मेरीलँड राज्यात सॅम्युअल ग्रीन नावाच्या स्वतंत्र काळ्या धर्मोपदेशकाच्या घरी या कादंबरीची प्रत सापडली, तेवढ्यावरून १८५७ साली त्याला दहा वर्षांची सजा झाली. कथा-कादंबऱ्यांनी काय होतं, असं विचारणाऱ्याला मी या माणसाचं नाव सांगतो.

२. पुढे ‘अंकल टॉम’ ही शिवी झाली. मालकापुढे वाकणारा, आपल्याच माणसांशी बेइमानी करणारा, असा तिचा अर्थ. कादंबरीतला टॉम तसा नाही. तो रुंद छातीचा, ऐन उमेदीतला, लहान लेकरांचा बाप आहे. दोन बायका मालकाच्या तावडीतून निसटून लपल्या आहेत. कुठे, ते त्याला ठाऊक आहे. मार खाऊन तो मरतो, पण ठिकाण सांगत नाही. याला लाचारी कोण म्हणेल?

मग ही शिवी आली कुठून? बरीचशी रंगमंचावरून, आणि हे झाडीपट्टीच्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. पुस्तक बाहेर येताच त्याची नाटकं निघाली. नाट्यरूपांतरावर लेखकाचा हक्क तेव्हा कायद्यात नव्हता, म्हणून बाईंना त्यातून काही मिळालं नाही आणि कशावर बोटही ठेवता आलं नाही. कंपन्या गावोगाव फिरल्या, पुढची कित्येक दशकं फिरत राहिल्या. गोरे नट तोंडाला काळं फासून टॉम व्हायचे. लोकांना हसू हवं होतं, म्हणून टॉम म्हातारा झाला, पाठीत वाकला, मान डोलवू लागला. टॉप्सी ही पोरकी, मार खाल्लेली पोर नुसती माकडचेष्टेपुरती उरली. पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा हे तमाशे बघणारे कितीतरी जास्त होते, आणि त्यांच्या मनात तोच टॉम बसला. आपल्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत गडी, मोलकरीण, म्हातारी आदिवासी बाई यांचं आपण काय करतो, ते जरा आठवून बघा. हसू यावं म्हणून ज्याची बोली वेडीवाकडी करतो, तो माणूस पुढ्यातच चटईवर बसलेला असतो.

३. पण सगळा दोष नाटकवाल्यांवर टाकून सुटता येणार नाही. खुद्द पुस्तकातही खोट आहे. लढणारे, सुटणारे एलायझा आणि तिचा नवरा जॉर्ज उजळ रंगाचे. सोसणारा, क्षमा करणारा टॉम गडद काळा. शेवटी जॉर्जचं कुटुंब आफ्रिकेत लायबेरियाला निघून जातं, म्हणजे सुटलेल्या काळ्या माणसाला अमेरिकेच्या अंगणात जागा नाहीच. स्वतः गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी कादंबरीचं मोठं कौतुक केलं, पण हा शेवट त्यांना पटला नाही. १९४९ साली जेम्स बाल्डविन या तरुण काळ्या लेखकाने तर तिच्यावर कठोर लेख लिहिला. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: असल्या पुस्तकात वाचकाला रडून मोकळं व्हायला मिळतं, आणि ज्याच्यासाठी रडलो तो पुरता माणूस आहे हे बघायचं राहून जातं.

मला याहून जास्त बोचते ती हॅरिएट जेकब्सची हकीकत. ही बाई गुलामीत जन्मली आणि पकडलं जाऊ नये म्हणून आजीच्या घराच्या पोटमाळ्यात जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. आपली कहाणी जगापुढे यावी यासाठी तिने स्टोबाईंची मदत मागितली. स्टोबाईंनी ती हकीकत खरी की खोटी, हे जेकब्स जिच्या घरी तेव्हा नोकरी करत होती त्या गोऱ्या बाईकडून ताडून घ्यायचं ठरवलं, आणि ती आपल्याच पुढच्या पुस्तकात घालायची तयारी दाखवली. जेकब्सला हे लागलं. ती स्वतः लिहायला बसली. दिवसभर पोरं सांभाळायची, रात्री लिहायचं. १८६१ साली तिचं पुस्तक निघालं. दयेने भरलेली बाई होती स्टो, तिचा हेतू मी खोटा म्हणणार नाही. पण पीडितेचा शब्द पुरा मानायला तिला गोऱ्या बाईची साक्ष लागली.

४. ज्याचं दुःख त्यानेच सांगावं, हा धडा आपल्याकडे फार लवकर गिरवला गेला. स्टोबाईंच्या पुस्तकानंतर तीनच वर्षांनी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिने कुणा कनवाळू लेखिकेची वाट पाहिली नाही. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ काढली आणि काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. तिकडची लढाई आणि इकडची लढाई एकच आहे, हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगून टाकलं. त्यावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखे विद्वान त्यांचं व्याकरण काढत बसले. आणि १८८५ साली ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीरावांनी नकार कळवला: आमचं दुःख ज्यांनी भोगलं नाही त्यांच्या ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख आहे. बाल्डविनच्या चौसष्ट वर्षं आधी.

५. आता आपल्या घरचं, सालदारीचं बोलू. आपल्या भागात मालगुजाराच्या घरी पाडव्याला साल धरलं जायचं, मजुरी धानात ठरायची, आणि आधीची उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच वाड्यावर. १९५१ साली मालगुजारी गेली, १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. सालदार गुलाम नव्हता, त्याचा लिलाव झाला नाही, हा फरक मी पुसणार नाही. पण बाबासाहेबांनी हीच तुलना उलट्या बाजूने केली होती. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून त्याला जगवण्यात मालकाचा फायदा तरी होता. अस्पृश्य मेला काय नि जगला काय, जबाबदारी कुणाचीच नव्हती. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं, तेही दोन्हीकडच्या स्थितीतलं साम्य दाखवत. आणि १९५४च्या पोटनिवडणुकीत ते आपल्या भंडारा मतदारसंघात उभे राहिले, तेव्हा आपण त्यांना निवडून दिलं नाही. हे आपल्या पोरांना सांगतं कोण?

६. खैरलांजी आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ला तिथे एका बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. केंटकीच्या टॉमसाठी डोळे पुसायचे आणि मोहाडीचं नाव निघालं की विषय बदलायचा, असं होणार असेल तर वाचन करूच नये.

७. म्हणून क्रम असा असावा. पहिल्यांदा मुक्ताचा निबंध. तो लहान आहे, शाळेतल्या मुलीने वाचावा. मग टॉमकाकाचे दोन प्रसंग मराठीतून: एलायझाचं नदी ओलांडणं आणि टॉमचं तोंड न उघडणं. त्यानंतर ‘गुलामगिरी’तला धोंडिबा-जोतीराव संवाद; तो दोन माणसांनी बसून वाचण्यासारखाच आहे. शेवटी दया पवारांच्या ‘बलुतं’मधली काही पानं. ते १९७८चं पुस्तक, लिहिणाऱ्याने स्वतः भोगलेलं. तोंडाला काळं फासायचं नाही, हसवण्यासाठी बोली काढायची नाही, पाहुण्यांची भाषणं नाहीत. ज्या घरांत साल धरलेले आजा-आजी अजून आहेत त्यांना बोलायचं असेल तर माईक त्यांच्याकडे द्यावा, आणि ते सांगतील ते खरं का, असं गावातल्या मोठ्या घराकडे विचारायला कुणी जाऊ नये.

मंडईच्या तयारीची बैठक बसेल तेव्हा हा विषय घ्यावा. त्या बैठकीला बौद्ध टोलीतली, ढिवरांची, गोवाऱ्यांची, गोंडांची माणसं पहिल्या दिवसापासून हवीत, आणि कोणतं पान वाचायचं हे ठरवताना त्यांचा शब्द आधी घ्यावा.