उसन्या चाली की वारसा?

चार्ल्स आइव्ह्ज (१८७४–१९५४) या अमेरिकन रचनाकाराच्या ‘हॉलिडेज सिंफनी’वर एक आक्षेप हटकून घेतला जातो : हे संगीत नव्हे, उसन्या चालींचा गोंगाट होय. हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही.

वॉशिंग्टनचा जन्मदिन, हुतात्मा सैनिकांचा स्मृतिदिन, चार जुलै आणि थँक्सगिव्हिंग असे राष्ट्राचे चार सण. हिवाळ्यापासून शरदापर्यंत न्यू इंग्लंडचे चार ऋतू. दोहोंची सांगड या वाद्यवृंदरचनेत आहे. स्मृतिदिनाच्या भागात स्मशानभूमीतील शिंगाची शोकधून संपते न संपते तोच परतीच्या वाटेवरचा बँड उसळतो. सण असाच असतो. देवळाच्या उत्सवात वाढलेल्या वाचकास हे सांगणे नको.

आणि चाली उसन्या कशा? आइव्ह्जचे वडील डॅनबरी गावचे बँडमास्तर. तो स्वतः चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये पगारी ऑर्गनवादक. स्टॉकब्रिजच्या हूसाटॉनिक नदीवरचे धुके त्याने तंतुवाद्यांत उतरविले आणि पैलतीरीच्या चर्चमधून कानी आलेले प्रार्थनागीतही त्यात सामावून घेतले. ही उसनवारी नव्हे, वारसा आहे. प्रार्थनागीतांच्याच चालींवर उभारलेल्या त्याच्या तिसऱ्या सिंफनीला १९४७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्रथम श्रवणी हे संगीत कानाला टोचते, हे खरे. परंतु आपले गाव, आपली नदी, आपले भजन पुसून टाकल्यावाचून रचना थोर ठरतच नसेल, तर तसले थोरपण घेऊन करावयाचे काय?