कोंबडीला कोण दवाखान्यात नेतं?

गाय बसली की गावात डॉक्टर येतो. शेळीचं पोट फुगलं तरी चार माणसं धावतात. कोंबडीला जखम झाली तर मात्र तिच्या वाट्याला सुरी आणि पातेलं येतं. "वाया जाण्यापेक्षा कापून टाका," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते म्हणणारी माणसं निर्दयी नव्हती. डॉक्टरची फी आणि जाण्यायेण्याचं भाडं कोंबडीच्या किमतीपुढं मांडून बघायची, एवढाच त्यांचा हिशेब. या आठवड्यात मला त्या हिशेबाविरुद्ध लिहायचं आहे.

आमच्या कोरेगाव भागात घरटी चार-सहा गावरान कोंबड्या असतात. आमच्याकडच्या कबरी नावाच्या कोंबडीचा मालकी हक्क माझ्या लेकीकडं आहे. पिल्लू असल्यापासून तिनं तिला हातावर खेळवलंय. हाक मारली की ती बांधापलीकडून पळत येते. या पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी भटक्या कुत्र्यानं तिला बांधावरच धरलं. शेजारच्या आक्का काठी घेऊन धावल्या म्हणून ती सुटली. शेपटीपासून वर पाठीची कातडी सोलून निघाली होती आणि पंखाखाली दातांच्या दोन खुणा होत्या.

आक्कांनी तिला माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वैनी, ही काय ऱ्हात न्हाई आता. मरायच्या आत कापून घ्या. पोरीला सांगू नगा."

पोरगी माझ्या मागंच उभी होती. ती रडली नाही. "आई, हिला दवाखान्यात न्यायचं," एवढंच म्हणाली.

पण लगेच निघण्याजोगी कबरीची अवस्था नव्हती. जखमी कोंबडी पुष्कळदा जखमेपेक्षा धक्क्यानंच जाते. त्यामुळं पहिल्या तासात तिला तीनच गोष्टी लागतात: ऊब, अंधार आणि शांतता. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या वर असते, त्यामुळं आपल्याला बरी वाटणारी हवा तिला धक्क्यात असताना गार पडते. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं सुती लुगडं अंथरलं, एका कोपऱ्यावर पिवळा बल्ब सोडला आणि दुसरा कोपरा गार ठेवला, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल. वरून फडकं टाकलं. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, अशी ताकीद लेकीनंच सगळ्यांना दिली.

धरण्याची एक रीत आहे, ती कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर हलतं तेव्हाच तिच्या आत हवा खेळते. मायेनं का होईना, तिला छातीशी आवळून धरलं की तिचा श्वास कोंडतो. टॉवेलात सैल गुंडाळायचं, पंख अंगाशी राहतील एवढंच. चोचीत पाणी ओतणं हीसुद्धा अशीच घातक सवय. तिच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं; वरून ओतलेलं पाणी सरळ तिथं उतरतं. गूळपाण्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावायचा. ती आपणहून चोच हलवून गिळते. गिळत नसेल तर थांबायचं.

कबरीनं पहिला थेंब गिळला तेव्हा तिचा डोळा मी अगदी जवळून पाहिला. कोंबडीची खालची पापणी वर चढते आणि डोळा मिटतो. त्याशिवाय आतून आडवी सरकणारी एक पातळ पारदर्शक पापणी असते, ती मध्येच लवते. दुखणं दाखवणं हा पक्ष्यांचा स्वभाव नाही, कारण रानात दुबळा दिसणारा पक्षी आधी मारला जातो. म्हणून कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही, असं धरून चालायचं नाही. अर्धवट मिटलेला डोळा, फुगवलेली पिसं, आत ओढून घेतलेली मान, ही तिची तक्रार असते.

साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात फोन केला, तर तिथं कुत्री-मांजरंच बघतात असं उत्तर आलं. मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. बाहेर एक म्हैस आणि दोन शेळ्या होत्या. टोपलीत कोंबडी बघून शेळीवाले आजोबा म्हणाले, "हिलाबी डाक्टर?" डॉक्टरांनी मात्र एका शब्दानंही विचारलं नाही की एवढी खटपट कशाला. जखमेभोवतीची पिसं त्यांनी उपटली नाहीत, कात्रीनं कापली. ओली पिसं जखमेला चिकटतात आणि उपटली तर पक्ष्याची पातळ कातडी आणखी फाटते, हे त्यांनी लेकीला समजावून सांगितलं. लोंबणारी कातडी जागेवर आणून टाके घातले. पंखाखालच्या दोन बारक्या भोकांना मात्र टाके घातले नाहीत. मोठ्या जखमेपेक्षा डॉक्टरांना त्या भोकांचीच काळजी जास्त होती.

त्याचं कारण असं. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. दात आत रुतला की ते खोल जातात आणि वरची कातडी मिटून जाते. या कुळातल्या एका जिवाणूमुळं कोंबड्यांना कॉलरा होतो, आणि कुळाचं नाव पडलंय लुई पाश्चरवरून. १८७९-८० च्या सुमारास पाश्चर याच कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते. प्रयोगशाळेत बरेच दिवस पडून राहिलेलं जिवाणूंचं द्रावण टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत, आणि पुढं ताजे, जहाल जिवाणू टोचूनही जगल्या. प्रयोगशाळेत रोगजंतू क्षीण करून लस बनवण्याची वाट तिथून खुली झाली. आपल्या लेकराबाळांना टोचल्या जाणाऱ्या लसींच्या इतिहासात कोंबडीचं हे एवढं मोठं देणं आहे. चावा दिसायला किरकोळ असला तरी प्रतिजैविक लागतं ते या जिवाणूंमुळंच. आणि ते कोणतं, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. खाद्याच्या दुकानातून पुडी आणून अंदाजानं पाण्यात कालवणं बंद व्हायला हवं. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडीही खायची नाहीत.

वेदनाशामकाबद्दल तर मी हात जोडून सांगते, माणसाची गोळी कुस्करून देऊ नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मृत गुरांचं मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपली आणि २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी या औषधावर बंदी घालावी लागली. आपल्याला आराम देणारी गोळी पक्ष्याची मूत्रपिंडं निकामी करू शकते. जखम बधिर करणारी मलमंही टाळायची. पक्ष्यांना त्यांची मात्रा चटकन बाधते.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं, आणि ते बहुतेक बघण्याचं काम होतं. लिटरभर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. बिनसुईच्या सिरिंजनं त्याची हलकी धार जखमेवर सोडायची. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण रोज लावलं तर ते नवं मांसही जाळतं. हळदीवर माझा विश्वास आहे, तरी खोल जखमेत कोरडी हळद दाबून भरली की वर खपली धरते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. कबरीच्या जखमेत आम्ही ती भरली नाही.

दोन-तीन दिवसांत टाक्यांच्या भोवतीची कातडी हिरवी दिसायला लागली. आक्का म्हणाल्या, सडली. लेकीचा चेहरा उतरला. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी फोनवर धीर दिला. आपल्याला मुका मार लागला की आधी निळं, मग हिरवं आणि शेवटी पिवळं पडतं. पक्ष्यांत तो रंग हिरव्यापुढं सरकत नाही. रक्तातल्या रंगद्रव्याचं हिरव्यापासून पिवळ्यात रूपांतर करणारं विकरच त्यांच्यात नाही. सडलेली जखम ओळखायची ती वासावरून, काळ्या पडत जाणाऱ्या कडांवरून. पूसुद्धा पक्ष्यांत वाहत नाही. तो घट्ट पिवळसर गोळा होऊन आतच बसतो, म्हणून जखमेभोवती बोट हलकं फिरवून टणकपणा लागतोय का, हे रोज बघावं लागतं. ही दोन लक्षणं माहीत नसल्यामुळं किती बऱ्या होणाऱ्या कोंबड्या कापल्या गेल्या असतील!

सगळ्यांत मोठा शत्रू माशी. आणि पावसाळ्याचे दिवस. माशीनं जखमेवर अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात आणि त्या जिवंत मांसात शिरतात. डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा चारी बाजूंनी खोचला. खाली भुस्सा टाकला नाही, कारण तो जखमेला चिकटतो. साधा कागद घातला आणि घाण झाली की लगेच बदलला. शेपटीखालची पिसं विष्ठेनं भरली की माशीला तिथंच वाट मिळते, म्हणून तीही कोमट पाण्यानं पुसून कोरडी करायची. अळ्या पडल्याच तर गावाकडं फिनेल किंवा टर्पेंटाइन ओततात. त्यानं अळ्या मरतात आणि कोंबडीही भाजून निघते. चिमट्यानं एकेक काढून त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यावं, दुसरा मार्ग नाही.

खाण्याचं फार अवघड गेलं नाही. ज्वारीचा भरडा कोमट पाण्यात भिजवून, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला. कोंबडीला अंडं कसं घालायचं, असं सासूबाईंना वाटलं; पण जखम भरायला प्रथिनं लागतात आणि तिच्या शरीराला ती यापेक्षा सोप्या रूपात मिळत नाहीत. संध्याकाळी गळ्याखालची चाऱ्याची पिशवी भरलेली लागायला हवी आणि सकाळी रिकामी. सकाळीही ती भरलेलीच राहिली तर पचन अडलंय असं समजायचं. विष्ठा गर्द हिरवी आणि पातळ झाली तर पोटात काही जात नाही. रोज सकाळी लेक शाळेला जाण्याआधी हे दोन्ही तपासायची आणि वहीत लिहून ठेवायची.

एकदा खपली धरल्यावर कबरीला कळपात परत सोडण्याची आम्हाला घाई नव्हती. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचतात. टोचून टोचून जीव घेतात. शिवाय त्यांच्यात मानाची उतरंड असते. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरप-एबे यांनी शंभर वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा नीट नोंदवली, कुणी कुणाला टोचायचं आणि कुणी गुमान सहन करायचं. काही दिवस गायब झालेली कोंबडी परत आली की तिला ही जागा नव्यानं मिळवावी लागते. म्हणून आधी जाळीच्या अलीकडं-पलीकडं ठेवलं, मग तिच्या सोबतीला एक गरीब स्वभावाची तलंग दिली, आणि शेवटी रात्री, सगळ्या खुराड्यात शिरल्यावर, अंधारात तिला आत सोडलं. सकाळी थोडी झटापट झाली, रक्त निघालं नाही. पाठीवर आता नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसताहेत. मुळासकट गेलेलं पीस लगेच नव्यानं उगवतं, अर्धवट तुटलेलं मात्र पिसं झडेपर्यंत तसंच राहतं.

एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. जखमी कोंबडी आणि आजारी कोंबडी यांत फरक करा. मान वाकडी होणं, तुरा निळा पडणं, डोकं सुजणं, एकामागून एक कोंबड्या पटापट मरणं, यांतलं काही दिसलं तर घरी शुश्रूषा करत बसायचं नाही. मानमोडी असेल, बर्ड फ्लू असेल. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवणं हेच आपलं काम. जखमी कोंबडीला हात लावल्यावरही साबणानं हात धुवा, आणि लहान मुलांना तिचा मुका घेऊ देऊ नका. आणि जखम पोटात शिरली असेल, पाय मागं पडले असतील, तर तिला त्रासातून सोडवायचं की नाही हेही डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. प्रत्येक कोंबडी वाचत नाही.

किमतीचा मुद्दा राहिलाच. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, खुडूक बसली की २१ दिवस अंड्यांवरून जेमतेम उठते, पिल्लं काढते, घारीपासून त्यांना पंखाखाली घेते. घरातल्या बाईच्या हातात जो थोडा स्वतःचा पैसा असतो, तो पुष्कळ घरांत याच अंड्यांचा. म्हणजे नुसत्या पैशाचा हिशेब केला तरी तिला वाचवणं तोट्याचं नाही. पण मला तो हिशेबही पुरेसा वाटत नाही. हाकेसरशी पळत येणारा जीव दुखण्यात पडला तर त्याच्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी, यासाठी मला त्याची किंमत काढायची गरज वाटत नाही.

तुमच्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घाला. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांकही लक्षात ठेवा. आणि वेळ आली तर कोंबडी टोपलीत घालून, न लाजता म्हशीच्या मागं रांगेत उभं राहा. तिचाही केसपेपर निघतो.