अलार्म आपला, कोड कुणाचा?
मुळशीत धरणाच्या कडेने, पार ताम्हिणीपर्यंत, आठवडाभर कुलूपबंद राहणारे बंगले आहेत. आषाढात वीज जाते, अलार्मची बॅटरी उतरते, पॅनेल पिपाणीसारखं वाजत राहतं, आणि राखणदार मालकाला फोन लावतो. मालकाकडे रोजचा चालू-बंद करायचा कोड असतो. सेटिंग बदलणारा इन्स्टॉलर कोड मात्र बसवणाऱ्याकडेच राहिलेला असतो. बंगला विकत घेतलेला असला, तर बसवणारा कोण हेही ठाऊक नसतं. वीज तोडून बॅटरी काढली तरी हा कोड पुसला जात नाही. हनीवेल कंपनीच्या व्हिस्टा पॅनेलांत मात्र वीज परत दिल्यावर 50 सेकंदांत स्टार आणि हॅश एकत्र दाबले की प्रोग्रॅमिंग उघडतं. डीएससी कंपनीच्या पॅनेलांत बसवणाऱ्याने ‘इन्स्टॉलर लॉकआउट’ लावून ठेवला असेल, तर पॅनेल मूळ स्थितीत आणायची वाटही बंद. अशा वेळी सेन्सर, वायरिंग, सायरन ठणठणीत असताना अख्खं पॅनेल बदलायला लावणं हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. ज्याने पैसे मोजले, त्याला कोड मिळालाच पाहिजे. शेवटचा हप्ता देण्याआधी तो लेखी मागून घ्या, लॉकआउट काढायला लावा, आणि कागद बंगल्यात नव्हे, पुण्याच्या घरी सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा.